वणव्याचा आरोपी

३ डिसेंबर २०१८, सोमवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गोरेगाव पूर्वेला आयटी पार्कच्या मागचा डोंगर पेटला. ऑफिसं सुटायची वेळ. अंधार पडेपर्यंत डोंगराच्या कडेने एक नारिंगी रेघ सरकताना दिसत होती आणि आसपासच्या प्रत्येक टॉवरच्या प्रत्येक बाल्कनीत कुणीतरी मोबाइल उभा धरून व्हिडिओ काढत होतं. अग्निशमन दलाचे बंब आले, पण बंबाला रस्ता लागतो आणि डोंगराला रस्ता नव्हता. मग जवान, वनखात्याची माणसं आणि आसपासचे रहिवासी हातात ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत राहिले. तीन-चार किलोमीटरचा पट्टा पेटल्याचं बातम्यांत सांगत होते. आग विझायला रात्र गेली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, राहायला बोरिवलीत. आमच्या ग्रुपवर त्या रात्री जे फॉरवर्ड आले त्यांत ‘मुंबईत कॅलिफोर्निया’ हे वाक्य होतंच. त्याला कारणही होतं. बरोबर पंचवीस दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं अख्खं गाव जळलं होतं. ८५ माणसं गेली, अठरा हजारांहून जास्त घरं-दुकानं खाक झाली. ते व्हिडिओ लोकांच्या डोळ्यांसमोर ताजे होते.

दुसऱ्या दिवसापासून चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली: आग लावली कोणी? बिल्डरने, असं बरेच जण म्हणाले. डोंगरावरची झाडी गेली की जमीन मोकळी होते, आणि गोरेगावात मोकळ्या जमिनीचा भाव काय आहे हे सांगायला नको. कुणी म्हणालं आदिवासींनी. कुणी म्हणालं, दारू प्यायला चढलेल्या टोळक्याने टाकलेली सिगारेट. जो तो आपापल्या आवडीचा आरोपी घेऊन आला होता.

तो डोंगर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पेटायला तयार कसा होता, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आपल्याकडे वणव्याचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते मे. हो, गवत नोव्हेंबरातच पिवळं पडतं, त्यामुळे डिसेंबरात आग लागूच शकत नाही असं नाही. आणि एका संध्याकाळच्या आगीवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. मला रस आहे तो आपण काय विचारतो आणि काय विचारत नाही यात. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात: शेवटचा धक्का कशाने बसला, आणि मुळात धक्का बसताच कोसळेल अशी अवस्था कशामुळे आली. वणव्याच्या बाबतीत पहिल्या गोष्टीवर गेली दीडशे वर्षं वाद चालला आहे. कायदे झाले, आयोग बसले, माणसं तुरुंगात गेली. दुसरी गोष्ट आता आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे, आणि तिच्यासाठी आपल्याकडे नीट शब्दसुद्धा नाही. मी तिला ‘कोरड’ म्हणतो.

*

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. आज ज्याला आपण उपनगरं म्हणतो ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातली गावं होती. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला तो १९२०मध्ये. त्यामुळे आपल्या डोंगरांचा इतिहास मुंबईच्या इतिहासात शोधला तर सापडत नाही, ठाण्याच्या इतिहासात सापडतो. आणि ठाणे जिल्ह्यात आगीचा इतिहास म्हणजे राबाचा इतिहास.

राब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. भाताची रोपं लावण्याआधी ती एका छोट्या तुकड्यात तयार करतात. त्या तुकड्यावर उन्हाळ्यात झाडांचे डहाळे, पालापाचोळा, गवत, शेण असे थर पसरायचे, वरून थोडी माती टाकायची आणि ते हळूहळू जाळायचं. याला राब भाजणं म्हणतात. पहिला पाऊस पडला की त्या भाजलेल्या मातीत बी पेरायचं. ठाणे, कुलाबा (आजचा रायगड), नाशिक-पुण्याचा घाटाकडचा भाग, सगळीकडे हीच पद्धत. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायची तर झाडोरा तोडून जाळायचा, ती दळी. म्हणजे आग हे शेतकऱ्याचं अवजार होतं, नांगरासारखं. कुठे लावायची, कधी लावायची, वारा कुठला असताना लावायची नाही, हे गावाला ठाऊक असे. डहाळे मात्र जंगलातून यायचे, आणि भांडण तिथे सुरू झालं.

१८६४मध्ये ब्रिटिशांनी जंगल खातं उभं केलं आणि त्याच्या प्रमुखपदी डिट्रिख ब्रँडिस या जर्मन माणसाला बसवलं. बॉन शहरातला वनस्पतिशास्त्रज्ञ, आधी ब्रह्मदेशात सागवानाची जंगलं सांभाळलेला. जंगलातून रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांचं लाकूड दर वर्षी ठरावीक प्रमाणात निघालं पाहिजे, हा खात्याचा हिशेब. त्या हिशेबात आग म्हणजे निव्वळ नुकसान. त्याच सुमारास मध्य प्रांतात, आजच्या मध्य प्रदेशातल्या बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन या अधिकाऱ्याने आग पूर्ण रोखण्याचा प्रयोग केला. जंगलाभोवतीचं गवत कापून पट्टे मोकळे ठेवले, पहारे बसवले. प्रयोग यशस्वी मानला गेला आणि हळूहळू तेच धोरण झालं. आपल्या वनखात्यात आजही दर हिवाळ्यात ‘जाळरेषा’ काढतात, ती या पट्ट्यांचीच नातवंडं.

मग १८७८चा वन कायदा आला. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा झाला. १९२७चा भारतीय वन कायदा त्याच पठडीतला, आणि तो अजून चालू आहे. त्याचं २६वं कलम एकदा वाचाच. आग लावणाऱ्याला शिक्षा, इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण पुढे म्हटलंय की राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हवा तितका काळ स्थगित करू शकतं. म्हणजे काडी एकाने ओढली तरी गुरं अख्ख्या गावाची उपाशी. आणि ७९व्या कलमानुसार शेजारच्या गावच्या लोकांवर आगीची खबर देणं आणि आग विझवायला येणं बंधनकारक. संशयित तेच आणि बिनपगारी अग्निशमन दलही तेच.

याविरुद्ध ओरड झाली, आणि ती फक्त जंगलात राहणाऱ्यांची नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८च्या कायद्याला विरोध केला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि कुरणं बळकावल्याबद्दल खरमरीत लिहिलं. ठाण्यात राबाच्या डहाळ्यांवरून शेतकरी आणि खातं यांच्यातला तंटा इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५मध्ये एक फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ला आला. कमिशनपुढचा मोठा प्रश्न म्हणजे हाच: राब ही शेतीची गरज आहे की अडाण्यांची खोड?

पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतो. खोड की गरज, हे कुणीतरी मोजून पाहायचं ठरवलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्याबरोबर एन. व्ही. जोशी, एन. व्ही. कानिटकर या तिघांनी पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर अभ्यास करून १९१२मध्ये तो प्रसिद्ध केला. राखेतून खत मिळतं एवढंच कारण आहे का, की माती तापण्यानेच काही घडतं? त्यांना दिसलं की माती तापण्याचंही काम मोठं आहे. नुसती राख आणून टाकली की झालं, असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘खोड’ म्हणवली गेलेली गोष्ट प्रयोगशाळेत काम करताना सापडली. कायदा मात्र तोवर चौतीस वर्षांचा झाला होता.

*

आता इथून थेट अमेरिकेत जावं लागेल, आणि रस्ता ब्रँडिसच्या घरावरून जातो.

ब्रँडिस १८८३मध्ये निवृत्त होऊन बॉनला परतला. काही वर्षांनी एक श्रीमंत अमेरिकन तरुण त्याचा सल्ला घ्यायला आला. त्याला वनशास्त्र शिकायचं होतं आणि अमेरिकेत ते शिकवणारं कुणी नव्हतं. नाव गिफर्ड पिंचो. ब्रँडिसने त्याला मार्गी लावलं, पुढे बरीच वर्षं पत्रांतून सल्ले दिले. हाच पिंचो १९०५मध्ये अमेरिकेच्या नव्या फॉरेस्ट सर्व्हिसचा पहिला प्रमुख झाला. भारतात जंगल कसं चालवलं जातं, हे त्याच्यासमोरचं एक मोठं उदाहरण होतं. कॅलिफोर्नियाच्या आगीचं आणि ठाण्याच्या राबाचं नातं असं जुनं आहे. तो फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसणार, पण तो अगदीच चुकीचा नव्हता.

१९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळलं. ऐंशीहून जास्त माणसं मेली, त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेले. त्या धक्क्याने फॉरेस्ट सर्व्हिसने आगीशी युद्धच पुकारलं. १९३५मध्ये नियम झाला: कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती विझलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातले कारुक, युरोक असे मूळ रहिवासी शेकडो वर्षं छोट्या, थंड आगी लावून जंगलाखालचा कचरा साफ ठेवत आले होते. कुणाला टोपल्यांसाठी सरळ कोंब हवेत, कुणाला ओकची फळं गोळा करायला मोकळी जमीन. त्यांनाही तिथे गुन्हेगार ठरवलं गेलं.

परिणाम काय झाला, हे कुठल्याही इंजिनिअरला कळेल. छोट्या आगी बंद झाल्या, तसा जमिनीवर सुकलेला पाला, मेलेली खोडं, दाटीने वाढलेली कोवळी झाडं यांचा साठा वाढत गेला. आता आग लागली की ती जमिनीवर रेंगाळत नाही, या सगळ्याची शिडी करून थेट शेंड्यांपर्यंत चढते. सूचिपर्णी झाडांत राळ असते. शेंडा पेटला की ठिणग्या वाऱ्याबरोबर मैलभर पुढे जाऊन पडतात. गंमत म्हणजे (गंमत कसली) भारतातल्या वनाधिकाऱ्यांना हे आधी कळलं होतं. आग पूर्ण रोखलेल्या जागी साग आणि साल नव्याने नीट रुजत नाहीत, हे लक्षात आल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्यांनी अनेक ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला स्वतःच हलकी आग लावायला सुरुवात केली. खात्याने लावली तर ते व्यवस्थापन. वारल्याने लावली तर कलम २६.

*

इथवरची गोष्ट ठिणगीची आणि सरपणाची झाली. ती सगळी खरी आहे, पण तिच्यावर थांबलं तर २०२१चं लिटन समजत नाही.

कॅनडात, पन्नास अंश उत्तर अक्षांशावर, लिटन नावाचं छोटं गाव आहे. म्हणजे लंडनच्या जवळपास त्याच रेषेत. २९ जून २०२१ला तिथे ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. नागपूरला उन्हाळ्यात शाळेला सुट्टी देतात, त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाव जळून गेलं, बहुतेक सगळं. शास्त्रज्ञांनी त्या उष्णतेच्या लाटेचं विश्लेषण केलं तेव्हा निष्कर्ष निघाला की माणसाने हवामान तापवलं नसतं तर अशी लाट जवळजवळ अशक्य होती.

समशीतोष्ण प्रदेशातली जंगलं आजवर वाचली होती ती ओलाव्यामुळे. तिथे सरपण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, पण बर्फ उशिरा वितळायचं, पाला भिजलेला राहायचा, त्यामुळे वर्षातले थोडेच आठवडे ते पेटण्याजोगं असायचं. हे आठवडे वाढले आहेत. कसे, ते सांगायला बोरिवलीतली कपड्यांची दोरी पुरे. जुलैत जीन्स तीन दिवस वाळत नाही, कारण हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात तीच दुपारपर्यंत कडक होते. हवेला अजून किती बाष्प हवं आहे, तिची तहान किती आहे, यावर वाळणं ठरतं. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. हवेत प्रत्यक्ष बाष्प तितकं वाढलं नाही, तर उरते ती तहान, आणि हवा ती पाल्यातून, फांद्यांतून, जिवंत झाडाच्या पानांतून भागवते. पाऊस नेहमीएवढाच पडला तरी जंगल आधीपेक्षा कोरडं होतं. हा मुद्दा बऱ्याच चर्चांत निसटतो: ‘या वर्षी पाऊस तर चांगला झाला होता’ हे उत्तर आता पुरत नाही.

आकडा हवा असेल तर एक देतो. अबात्झोग्लू आणि विल्यम्स या दोन शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये हिशेब मांडला की १९८४ ते २०१५ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात जेवढं जंगल जळलं, त्यातलं जवळजवळ निम्मं, सुमारे ४२ लाख हेक्टर, माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे जास्तीचं जळलं. ठिणगी कुठे वीज पडून पडली, कुठे विजेच्या तारेतून, कुठे कुणाच्या हातून. पॅराडाइजमध्ये ती विजेच्या कंपनीच्या जुन्या वाहिनीतून पडली होती आणि कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. पण ती ठिणगी जिथे पडली ते रान नोव्हेंबर उजाडला तरी पावसाची वाट बघत होतं. तिथला पहिला पाऊस त्या वर्षी लांबला होता.

बे एरियात मराठी माणसं किती आहेत हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. माझ्या वर्गातले चार जण आता तिकडे आहेत. ९ सप्टेंबर २०२०ला सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश दिवसभर नारिंगी राहिलं, तेव्हा मित्राने व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे सकाळचे दहा वाजलेले, घरात दिवे लावलेले, आणि मागून त्याची आई, जी बाळंतपणासाठी म्हणून गेली होती आणि लॉकडाउनमुळे अडकली होती, विचारत होती, “अरे, तिन्हीसांजेला झोपवू नको त्याला.” तिला वाटलं होतं संध्याकाळ झाली. त्या वर्षी कॅलिफोर्नियात चाळीस लाखांहून जास्त एकर जळलं.

*

मग आपलं काय? इथे घाईने ‘आपणही कॅलिफोर्निया होणार’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपलं जंगल वेगळं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे आपल्याकडे दर वर्षी सरपण वाढायचा ऋतूही पक्का आणि ते वाळायचा ऋतूही पक्का. जंगल याला सरावलेलं आहे: साग, ऐन, पळस पानं गाळून टाकतात, जाड सालीखाली जीव राखतात. आपला वणवा सहसा जमिनीवरून पळतो, गवत आणि पाचोळा खातो, मोठी झाडं काळी पडतात पण जगतात. जातात ती रोपं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी, सरडे, गोगलगायी. कारवी हे आपलं खास प्रकरण. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. २०१६ला उद्यानात फुलली, २०२४ला पुन्हा. फुलांचे फोटो सगळे काढतात. पुढच्या उन्हाळ्यात तिथे वाळक्या काठ्यांचं रान उभं असतं, तिकडे कॅमेरे जात नाहीत.

पण कोरड इथेही सरकते आहे. मुंबईत हिवाळ्याच्या शेवटी पूर्वेकडून कोरडे वारे येतात. समुद्राची झुळूक दुपारी उशिरा आली की त्या दिवशी पारा चढतो आणि आर्द्रता कोसळते. फेब्रुवारी २०२३ हा १९०१पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला, सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात, आगी लागायला सुरुवात झाली. एक विझवली की दुसरीकडे. खडे डोंगर, रस्ते नाहीत, शेवटी नौदल आणि हवाईदलाची हेलिकॉप्टरं धरणांतून बादल्या भरून पाणी टाकू लागली. पश्चिम घाटातलं हे जंगल ओलं म्हणून ओळखलं जातं. तिथे हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागेल असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

गोव्यातही पहिला प्रश्न तोच निघाला, कुणी लावली? काजूच्या बागा साफ करताना पाचोळा जाळतात, त्यावर बोट गेलं. बोट जाणं चूक नाही. भारतात वीज पडून लागणारे वणवे फार कमी, बहुतेक आगींमागे माणूसच असतो. पण काजूवाले पाचोळा काही २०२३ला पहिल्यांदा जाळत नव्हते. आगीशी वागायचे त्यांचे अंदाज जुन्या हवेत तयार झालेले आहेत: अमुक महिन्यात जाळलं तर बांधावर आपोआप विझतं, सकाळी दव असतं, वारा पडतो. ते अंदाज पिढ्यांनी घासून पक्के केले होते. हवा बदलली तर तेच शहाणपण फसतं आणि बघणाऱ्याला तो निष्काळजीपणा दिसतो. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. कोरड वाढेल तशा आगी वाढतील, आणि कायद्याला फक्त ठिणगी दिसते, त्यामुळे प्रत्येक वाढीव आगीचा गुन्हा कुणाच्या तरी नावावर चढेल. ते नाव कुठल्या पाड्यावरचं असेल, हे दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो.

उलट दिशेचा धोकाही आहेच. ‘हवामानबदल’ हा शब्द आता सोयीचा झालाय. मोकळ्या जमिनीसाठी कुणी खरंच डोंगर पेटवला, तर उद्या त्याचा वकील उष्णतेच्या लाटेचा आलेख घेऊन उभा राहील. देवनारच्या कचराडेपोला जानेवारी २०१६मध्ये लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहचित्रातही दिसला होता. तो काही पृथ्वी तापल्यामुळे नव्हता. त्यामुळे दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवायला लागतील, आणि ते ठेवण्याची साधनं आहेत. उपग्रहांवरून दिसणाऱ्या आगींचे ठिपके नासा काही तासांत सगळ्यांना फुकट देते. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया २००४पासून वनखात्यांना आगीच्या सूचना पाठवते. मी सुट्टीच्या दिवशी हे ठिपके नकाशावर टाकत बसतो. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटरचा चौकोन. त्यात आग आहे इतकं कळतं. राब आहे, काजूची बाग आहे की पेटवलेला डोंगर, ते कळत नाही. ते सांगायला तिथला माणूसच लागतो. कोरडीचा हिशेब मात्र यंत्र नीट करतं. कॅनडाच्या वनखात्याने काही दशकांपूर्वी बनवलेला निर्देशांक तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस या चारच गोष्टी घेऊन आज पाला किती पेटाऊ आहे ते सांगतो. पावसाचा अंदाज आपल्या मोबाइलवर येतो. हा आकडा येत नाही. पाड्यावरच्या शेतकऱ्याला ‘आग लावू नका’ हा बोर्ड वर्षभर दिसतो, ‘आज लावू नका, परवा चालेल’ असं सांगणारा निरोप एकदाही येत नाही.

कॅलिफोर्नियाने २०२१मध्ये कायदा बदलला. मूळ रहिवाशांच्या पारंपरिक जाळण्याला त्यात मान्यता मिळाली, आणि नीट काळजी घेऊन लावलेली आग हाताबाहेर गेली तरी विझवण्याचा खर्च लगेच त्यांच्या माथी मारला जाऊ नये, अशी सोय झाली. आपल्याकडे वनहक्क कायदा २००६चा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२मध्ये त्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूची नवी, कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून विदर्भात जंगलाखालचा भाग जाळतात, आणि तेंदू हे तिथे हमखास पैशाचं पीक आहे. पाचगावच्या ग्रामसभेने बसून विचार केला आणि तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. त्याऐवजी बांबूवर लक्ष दिलं. वणवे थांबावेत हे त्यामागचं एक कारण होतं. गस्त ते स्वतः घालतात. कलम २६ची गरज पडली नाही.